मीनलच्या नावाची फाईल

मला डिप्रेशन आहे हे कळलं त्या दिवशी माझं नाव मीनल होतं. खरं नाव प्राची, पण नागपूरच्या त्या दवाखान्यात केसपेपर काढताना मामाने खिडकीत सांगितलं, "मीनल, वय चोवीस," आणि पुढे स्वतःचं आडनाव लावून दिलं. खिडकीतल्या बाईने मान वर न करता लिहून घेतलं. मी शेजारीच उभी होते आणि मला काहीच वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं, आजार तोच तर होता.

हे लिहिते आहे ते अशा मुलामुलींसाठी, ज्यांना नोकरीच्या अर्जावर 'पूर्वीचा आजार, घेतलेली औषधं' या रकान्यापाशी घाम फुटतो. त्यातही जे वैमानिक व्हायला निघालेत त्यांच्यासाठी. डॉक्टरी ज्ञान माझ्याकडे नाही. आमच्या घरी काय गोंधळ झाला तो मात्र सगळा लक्षात आहे.

घरी बसलेली पायलट

आम्ही सौंसरचे, नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखातले. बाबा शाळेत शिक्षक, आई घर सांभाळते, आणि आईचा धाकटा भाऊ सुरेशमामा याचं पांढुर्ण्यात मेडिकलचं दुकान आहे. विमान चालवण्याचं शिक्षण मी बाहेरच्या राज्यात घेतलं, परवाना मिळवला आणि घरी आले. कंपन्यांची भरती तेव्हा बंद होती. 'पुढच्या महिन्यात निघेल' करता करता वर्ष गेलं. भाजीवाली, बँकेतला शिपाई, बाबांचे जुने विद्यार्थी, जो भेटेल तो विचारायचा, "काय मॅडम, विमान कधी उडवून राहिल्या?" आधी मी हसून उत्तर द्यायचे. मग भाजीला जाणं बंद केलं. मग अंघोळ दुपारवर गेली, मग झोप गेली. एक दिवस आईने वाढलेल्या ताटाकडे मी तासभर नुसती बघत बसले, हात उचलेना.

आईने मला जामसांवलीला नेलं. त्याला मी हसणार नाही. तिथे हनुमानजीसमोर माणसं मोठमोठ्याने रडतात आणि कोणी कोणाला 'काय झालं' म्हणून विचारत नाही. मीही रडले, कितीतरी दिवसांनी. गंमत एवढीच की आम्ही गेलो होतो लपूनछपून आणि अर्धं सौंसर तिथेच भेटलं. आई सगळ्यांना सांगत होती, "नवस होता जी."

त्यानंतर आठवड्याभराने मामा आईच्या बीपीच्या गोळ्या घेऊन घरी आला. माझ्याकडे थोडा वेळ पाहत बसला आणि आईला म्हणाला, "ताई, नवस राहू दे. हे दवाईचं काम आहे. असे चेहरे मी दुकानात रोज पाहून राहिलो." घरात खरं बोलणारा तो पहिला माणूस. नागपूरची डॉक्टर त्यानेच शोधली आणि गुरुवारची वेळ घेतली. खोटं नावही त्यानेच दिलं.

मामाची कात्री

मामाचं हे नाव बदलणं समजायचं तर त्याचं दुकान पाहायला हवं. पांढुर्ण्यात कोणाला काय झालंय हे डॉक्टरांपेक्षा मामाला जास्त माहीत. पण वीस वर्षांत त्याच्या तोंडून एक शब्द बाहेर पडलेला नाही. त्याची एक पद्धत आहे. नाजूक आजाराची गोळी असली की तो कात्रीने पाकिटावरचं नाव छापलेली पट्टी कापून टाकतो, उरलेल्या गोळ्या जुन्या वर्तमानपत्रात बांधतो आणि पुडीवर पेनने लिहितो, 'सकाळी १'. लोक मुद्दाम दूरदूरच्या गावांहून त्याच्याकडे येतात ते यासाठी.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात, त्या गोटमारीत डोकं फुटलं तर माणूस पट्टी बांधून गावभर मिरवतो. मामाच्याही कपाळावर तशी खूण आहे आणि तिची हकिकत मी शंभरदा ऐकली आहे. पण डोक्याच्या आत काही दुखलं तर ते पुडीत बांधून खिशात ठेवायचं. मामाने भाचीसाठी तेच केलं, जरा जास्तच प्रेमाने.

डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मीनल, हे डिप्रेशन आहे. हा आळस नाही, नखरा तर नाहीच. आणि हे बरं होतं." मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे मी वाईट मुलगी झाले नव्हते, आजारी होते. बाबांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, हे कुठं नोंदवलं जाते का?" त्या म्हणाल्या, "माझ्या फाईलमध्ये." बाबांनी मामाकडे पाहिलं आणि मान डोलावली. फाईल मीनलची होती ना.

अकरा महिने

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. तोंड कोरडं, पोटात मळमळ, आणि बरं वाटायच्या ऐवजी हातांना कंप. ज्यांनी नुकत्याच गोळ्या सुरू केल्या असतील त्यांनी तेवढ्यावर सोडू नयेत, आपल्या डॉक्टरांना सांगावं. मी तिसऱ्या दिवशीच सोडणार होते, आईने सोडू दिल्या नाहीत. रोज सकाळी हातावर गोळी, वर पाणी, आणि गिळेपर्यंत समोर उभी.

दवाखान्यात दर वेळी तेच व्हायचं. "मीनल!" अशी हाक यायची आणि मी ढिम्म बसून. दुसऱ्या हाकेला बाबा कोपर मारायचे. शेजारच्या बायकांना वाटत असेल, पोरीला ऐकायलाही येत नाही.

बाबा शाळेत जाण्याआधी मला रामाकोन्याच्या रस्त्याने फिरायला नेत. जाताना बोलत नसत, येतानाही नसत. वाटेत संत्र्याच्या बागांना पाणी सुटलेलं असायचं, त्याचा आवाज ऐकत चालायचो. मला तेव्हा कोणी समजावायला नको होतं, नुसतं सोबत चालायला हवं होतं. हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

मी बरी होतेय हे पहिल्यांदा आईला कळलं. एक दिवस जेवताना मी ओरडले, "आई, वरणात मीठ नाही! चव घेऊन पाहत नाही का तू?" आई आत गेली आणि तिने मामाला फोन लावला. मला बाहेर ऐकू येत होतं. "सुरेश, पोरगी चिडली रे! चांगली कडकडून चिडली!" ती रडत होती आणि हसत होती.

अकराव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. परवान्यासाठी दरवर्षी लागणारी वैद्यकीय तपासणी त्या काळात मी केलीच नव्हती, त्यामुळे विमानात बसण्याचा प्रश्नच आला नाही. आणि मग काही महिन्यांनी भरती निघाली.

हो की नाही

लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, यादीत नाव आलं. रुजू व्हायला एकच गोष्ट बाकी, वैद्यकीय तपासणीचं नवीन प्रमाणपत्र. त्यासाठी तीन आठवडे होते. आमच्या बॅचच्या ग्रुपवर मी 'एका मैत्रिणीसाठी' म्हणून विचारलं. एका तासात सात उत्तरं आली आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: सांगू नकोस, कोणीच सांगत नाही.

बाबा आणि मी नागपूरला गेलो. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत अर्ज भरायला बसले. दमा, नाही. फिट्स, नाही. ऑपरेशन, नाही. भराभर खुणा करत आले आणि मानसिक आजार व त्यावरची औषधं या प्रश्नाला पेन थांबलं.

बाबा हळूच म्हणाले, "नाही लिव. कागदावर प्राचीले काही झालंच नाही."

ते खरंच होतं. कोणी कितीही शोधलं तरी सापडण्यासारखं काही नव्हतं. आणि मी काही सत्याची पुतळी नाही. शाळेत मी कॉपी केली आहे, आईला अजूनही फोनवर 'जेवले' म्हणून सांगते. माझा हात थांबला तो भीतीने. मला वाटलं, आज 'नाही' लिहिलं की पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग पुन्हा झोप गेली, पुन्हा ताटासमोर हात उचलेना, तर मी कोणाकडे जाणार? डॉक्टरकडे गेले तर खोटं उघडं पडणार, नाही गेले तर तशीच विमानात बसणार, मागे दोनशे माणसं घेऊन. एकदा 'नाही' लिहिलं की रिटायर होईपर्यंत मला आजारी पडायची मुभाच नव्हती.

मी 'हो'वर खूण केली. बाबांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

आतले डॉक्टर फौजेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. अर्ज वाचून म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलं. हे माझ्याकडून विमान खात्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जाईल. कंपनीला तुम्ही फिट की अनफिट एवढंच कळेल." मला केवढा धीर आला. गुप्त ठेवणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं, हे आमच्या घरात कोणाला सुचलंच नव्हतं. आम्ही दोन्ही एकाच पुडीत बांधलं होतं.

"आता इलाजाचे कागद दाखवा," ते म्हणाले. "कधी सुरू, कधी बंद, डोस किती."

मी फाईल काढून दिली. त्यांनी चार पानं उलटली आणि विचारलं, "ही मीनल कोण?"

मी सगळं सांगितलं. बाबा खाली मान घालून बसले होते, वर्गात कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखे. डॉक्टरांनी फाईल मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

"मीनल बरी झाली, हे मला दिसतंय. तुमचं काय?"

परतीच्या बसमध्ये मला हसू फुटलं आणि मग रडू. खोटं बोलायची आम्ही चोख व्यवस्था केली होती. खरं बोलायला एक कागद नव्हता.

तूच गाठ बांधली, तूच सोड

डॉक्टरबाईंना आम्ही जाऊन सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. "अकरा महिने तुम्ही मला सगळं सांगितलंत, नाव सोडून," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच वाट सांगितली. ज्याने नाव दिलं त्याने शपथपत्र करून द्यावं की मीनल म्हणजेच प्राची. ते घेऊन माझ्यासोबत त्यांच्यासमोर यावं, म्हणजे त्या माझ्या नावाने अहवाल देतील.

आईने फोन केला तेव्हा मामा नाही म्हणाला.

"ताई, मी लिवून देतो का मी खोटं नाव सांगतलं अन् त्याच नावावर दवाया काढल्या, तर माह्या लायसनचं काय? पोरीचं लायसन वाचवाले माहं घालवू? दुकानावर चार घरं चालून राहिले."

त्याचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. आईला ते पटलं नाही. ती म्हणाली, "तुनंच गाठ बांधली, तूच सोड." त्याने फोन ठेवला. त्यातच राखी आली आणि आई पांढुर्ण्याला गेली नाही. आणलेली राखी देवापाशी ठेवून दिली. सगळ्या आजारपणात आमच्या घरी कोणी कोणाशी अबोला धरला नव्हता, तो मी बरी झाल्यावर सुरू झाला. मला रोज वाटायचं, माझ्यामुळे.

तीन आठवड्यांतले सात दिवस उरले तेव्हा बाबांनी सुट्टी टाकली आणि मला म्हणाले, "चाल." कुठे ते सांगितलं नाही. आम्ही पांढुर्ण्याची बस धरली. बाजाराचा दिवस, मामाच्या दुकानावर गर्दी. बाबा काउंटरसमोरच्या स्टुलावर जाऊन बसले.

"भाऊजी, आत या ना, चहा घ्या," मामा म्हणाला.

"इथंच बरा आहे मी."

पंधरा-वीस मिनिटं ते नुसते बसले. मग एक शेतकरी, बाबांचा जुना विद्यार्थी, आला. "गुरुजी, तुम्ही इकडं काऊन? कोण बिमार आहे?"

"आता कोणी नाही," बाबा वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाले. "माही पोरगी होती. डिप्रेशन होतं तिले. अकरा महिने गोळ्या खाल्ल्या, बरी झाली. आम्ही दुसऱ्या नावानं इलाज केला, ते चुकलं."

मामाच्या हातातली कात्री थांबली. त्या विद्यार्थ्याने "बरं बरं, गुरुजी" म्हटलं आणि गोळ्या न घेताच गेला. मी खांबाआड उभी होते आणि माझे कान तापले. आजार माझा होता. तो भरबाजारात सांगायचा की नाही, हे मला विचारायला हवं होतं. बाबांनी विचारलं नाही. त्याचा मला तेव्हा राग आला, आणि थोडा अजूनही आहे. तुम्ही कोणाचे आईबाप असाल तर असं करू नका, आधी विचारा.

पण बाबा थांबले नाहीत. पुढच्या माणसाने विचारलं, त्यालाही तेच सांगितलं, शब्दाला शब्द. तिसरी एक बाई होती. ती ऐकून गेली, पाच मिनिटांनी परत आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, डॉक्टर कोण जी? पत्ता द्याल का?" बाबांनी कागदावर पत्ता लिहून दिला, खाली दवाखान्याजवळच्या फाटकाची खूणही लिहिली.

मामाने कात्री गल्ल्यात टाकली. "बस झालं भाऊजी. आता लपवाले राहिलंच काय?" नोकराला दुकानाकडे पाहायला सांगून तो बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, म्या तुह्यासाठीच केलं होतं." मी म्हटलं, "माहीत आहे मामा." मग आम्ही तिघं नोटरीकडे गेलो. शपथपत्र हिंदीत टाईप झालं, मामाने तीनदा वाचलं आणि सही केली. संध्याकाळी तो आमच्यासोबत सौंसरला आला. आईने ती शिळी राखी त्याच्या मनगटावर बांधली आणि जरा जास्तच आवळली.

त्याच्या दुकानाच्या परवान्याला आजवर काही झालेलं नाही. फक्त पुढचे सहा महिने दुकानासमोर सरकारी जीप थांबली की तो उठून उभा राहायचा.

पुढचं

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. डॉक्टरबाईंचा अहवाल वेळेत गेला. मंडळाने मला तात्पुरतं अनफिट ठरवलं आणि औषध बंद होऊन आणखी काही काळ गेल्यावर परत बोलावलं. ती नोकरी गेली. माझी बॅच माझ्याशिवाय रुजू झाली, त्यांचे टोप्या घातलेले फोटो ग्रुपवर आले आणि मी सगळ्यांना अंगठे पाठवले. त्या दिवशी 'हो' लिहिल्याचा मला पश्चात्ताप झाला, खोटं कशाला सांगू. बाबा म्हणाले, "फिरून येऊ," आणि आम्ही रामाकोन्याच्या रस्त्याला लागलो.

नऊ महिन्यांनी फेरतपासणी झाली. मंडळाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी बरंच विचारलं, त्रास देण्यासाठी नाही, समजून घेण्यासाठी. मी फिट ठरले. पुढच्या भरतीत दुसऱ्या कंपनीत लागले. आज मी सहवैमानिक आहे, एका मोठ्या शहरात दोन मुलींसोबत भाड्याने राहते, आणि दरवर्षी त्या प्रश्नाला 'हो' लिहिते. तुम्हीही तसंच करा असं मी सांगणार नाही, प्रत्येकाचं घर वेगळं. पण इलाजाचे कागद तरी स्वतःच्या नावाने ठेवा.

यंदा उन्हाळ्यात एका आठवड्यात माझी झोप पुन्हा तुटायला लागली. तीन दिवस झाले, चौथ्या दिवशी दुपारी उड्डाण होतं. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी बसले होते आणि तो तसाच निवला. आजाराची ही चाल माझ्या ओळखीची होती. मी कंपनीच्या ड्युटीच्या नंबरवर फोन केला.

"मी आज उडायला फिट नाही," मी म्हटलं.

"ओके मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला. "बरं वाटलं की कळवा." आणि त्याने फोन ठेवला.

मग मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. शेवटी बाबांना लावला. म्हटलं, बाबा, झोप येत नाहीये, आज ड्युटी सोडली.

पलीकडून बाबांनी आईला मोठ्याने हाक मारली, "अव, माही पिशवी काढ," आणि मला म्हणाले, "मी निघून राहिलो."

मी 'नको' म्हटलं नाही.